आपली पाळी आणि दुसऱ्याचा जीव

मावळ तालुक्यातील इंदुरीजवळ, कुंडमळा येथे, इंद्रायणीच्या प्रवाहाने काळ्या कातळात कोरलेले कुंड पाहण्यासाठी दर पावसाळ्यात पुणे आणि पिंपरी-चिंचवड परिसरातून माणसे लोटतात. १५ जून २०२५ रोजी, रविवारी दुपारी, तेथील जुना लोखंडी पूल गर्दीच्या भाराखाली कोसळला. चार जणांचा मृत्यू झाला आणि पन्नासच्या आसपास माणसे जखमी झाली. पूल धोकादायक असल्याचा फलक तेथे होता. नव्या पुलासाठी सुमारे ८ कोटी रुपये मंजूर झाल्याचेही नंतर सांगण्यात आले. मात्र पुलावर एका वेळी किती माणसांनी जावे, हे ठरविणारे आणि पाळावयास लावणारे कोणी त्या जागी नव्हते.

अशा प्रसंगानंतर दोन ठरावीक प्रतिक्रिया उमटतात. एक पक्ष सरकारला दोष देतो, तर दुसरा ‘आपल्या लोकांना शिस्तच नाही’ म्हणून उसासा टाकतो. दोन्हींत सत्याचा अंश आहे. पण शिस्त कोठून येते, हा प्रश्न दोन्ही पक्ष टाळतात. त्याचे उत्तर शोधताना एका अगदी वेगळ्या क्षेत्राकडे, म्हणजे गोल्फच्या मैदानाकडे, पाहणे उपयोगाचे ठरेल.

गोल्फचा चेंडू जेमतेम ४६ ग्रॅमचा असतो. परंतु तो टणक असतो आणि कसलेल्या खेळाडूने टोलविल्यावर ताशी २०० किलोमीटरहून अधिक वेगाने सुटतो. तो डोक्यात बसला, तर प्राणावर बेतू शकते. म्हणून पुढची मंडळी टप्प्याबाहेर जाईपर्यंत काठी उचलावयाची नाही, चेंडू कोणाच्या रोखाने गेलाच तर तत्काळ ‘फोर’ अशी आरोळी ठोकावयाची आणि काठी फिरविणाऱ्याच्या जवळ उभे राहावयाचे नाही, असे संकेत तेथे रूढ झाले. वाळूत उमटलेली आपली पावले पुसावयाची, उखडलेली हिरवळ जागेवर बसवावयाची, हेही त्यांतलेच. स्कॉटलंडमधील लीथ येथे १७४४ मध्ये या खेळाचे तेरा नियम लिहिले गेले. ज्याचा चेंडू खळीपासून सर्वांत दूर, त्याने प्रथम खेळावे, हा त्यांतला एक. २०१९ मध्ये सुधारलेल्या नियमावलीत इतरांच्या सुरक्षिततेचे भान ठेवण्याची अपेक्षा पहिल्याच नियमात आहे. वेळ वाचविण्यासाठी पाळी सोडून खेळण्याची काही प्रसंगी मुभा आहे, पण कोणाला धोका नसेल तरच.

हे पाळणारी माणसे जन्मतःच सौजन्यशील असतात, असे मानण्याचे कारण नाही. मैदानावर शांतपणे थांबणारा तोच गृहस्थ बाहेर पडल्यावर चौकात भोंगा वाजवीत दुसऱ्याच्या पुढे घुसू शकतो. फरक माणसात नाही, व्यवस्थेत आहे. मैदानावर सहसा चारांहून मोठा गट सोडत नाहीत, खेळ सुरू करण्याची वेळ आधी ठरलेली असते, आणि नियम मोडणाऱ्याला जाब विचारता येतो. मुख्य म्हणजे, थांबल्याने आपली पाळी हुकणार नाही, अशी प्रत्येकाला खात्री असते. जेथे थांबणाऱ्याचे नुकसान होत नाही, तेथे थांबणे सोपे जाते.

कुंडमळ्याला याच्या नेमके उलट घडते. थांबणारा मागे राहतो आणि घुसणाऱ्याला पुलाच्या मध्यावर छायाचित्र मिळते. पुलावर चढणारा शंभरावा माणूस मनाशी म्हणतो, ‘माझ्या एकट्याने काय होणार?’ त्याच्यापुरता हा हिशेब बरोबर असतो. चूक असते ती बेरीज. त्याचा आनंद त्याच्या पदरी पडतो, पण त्याच्या भाराचा धोका पुलावरच्या सर्वांत वाटला जातो. अर्थशास्त्रात याला बाह्य खर्च म्हणतात. असा खर्च केवळ उपदेशाने आटोक्यात येत नाही.

गोल्फ हा मूठभर धनिकांचा खेळ, त्याची तुलना नदीकाठच्या गर्दीशी कशी करावी, असा आक्षेप कोणी घेईल. तो रास्त आहे. परंतु मुद्दाही तोच आहे. सधनांनी वर्गणी भरून आपल्यापुरती व्यवस्था विकत घेतली आहे. लोकलने किंवा दुचाकीने येणाऱ्या कारकुनाला, विद्यार्थ्याला मात्र फुकटचा नदीकाठ तेवढा उरतो, आणि फुकटच्या जागेला कोणी वाली नसतो. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले, तेव्हा प्रशासनाने पर्यटनस्थळांवर प्रतिबंधात्मक आदेश काढले. पुराच्या दिवसांत बंदी आवश्यकच असते. पण बंदी हाच कायमचा उपाय झाला, तर माणसे एका काठावरून उठून दुसऱ्या, अधिक निर्जन आणि अधिक धोक्याच्या काठावर जातील.

उपाय फारसा खर्चाचा नाही. वाहने दूरवर थांबवावीत आणि त्यांच्या आकारातून स्थानिक तरुणांना सुट्टीच्या दिवशी रखवालदार नेमावे. अरुंद वाटेवर मोजून माणसे सोडावीत. पाणी चढू लागताच भोंगा वाजवावा. गोल्फमधील ‘फोर’चे काम तो करील. जो पूल खरोखरच धोकादायक आहे, तेथे फलकावर न थांबता वाट पक्की बंद करावी आणि ये-जा करणाऱ्या गावकऱ्यांना पर्यायी मार्ग द्यावा. त्यांच्यासाठी तो पूल ही करमणूक नसून वहिवाट असते.

काठी उचलण्यापूर्वी समोर कोणी आहे काय, हे पाहणे, एवढाच गोल्फच्या शिष्टाचाराचा गाभा आहे. पुलावर पाऊल टाकण्यापूर्वी प्रत्येकाने तसे पाहावे, ही अपेक्षा गैर नाही. पण ती अपेक्षा धरण्यापूर्वी, थांबणाऱ्याला त्याची पाळी मिळवून देणारा माणूस पुलाच्या तोंडाशी उभा करणे, हे शासनाचे कर्तव्य आहे.