संगणक सुरू होत नाही? आधी पाहा, मग पैसे मोजा



पावसाळा सरतो, सहामाही परीक्षा आटोपतात आणि चार महिने चादरीखाली झाकून ठेवलेला जुना संगणक मुले पुन्हा लावायला घेतात. मग घराघरांतून एकच तक्रार ऐकू येते : "बटण दाबलं, पण काहीच होत नाही!"

आपल्याकडचे बरेचसे संगणक कोरे घेतलेले नसतात. बँका, कचेऱ्या, सातपूर-अंबडचे कारखाने नवी यंत्रे घेतात, तेव्हा बाद झालेली यंत्रे फिरत फिरत आपल्या घरी किंवा वस्तीच्या अभ्यासिकेत येऊन पोहोचतात. असे यंत्र बंद पडले की आपण दोनच वाटा धरतो. एक तर ते दुरुस्तीच्या दुकानात नेतो आणि सांगतील तेवढे पैसे मोजतो, नाही तर किलोच्या भावाने भंगारात घालतो. दोन्ही वाटांवर एक गोष्ट राहून जाते, ती म्हणजे आधी पाहणे.

आम्हा कारकून मंडळींना वर्षअखेरीस तेरीज जुळवावी लागते. ती जुळली नाही म्हणून कोणी वह्या फाडून टाकत नाही. आधी फरक किती, ते पाहतो. फरकाला 9 ने पूर्ण भाग जात असेल तर 54 च्या जागी 45 असे आकडे उलटे पडले असावेत, हा पहिला संशय. म्हणजे चूकच आपला पत्ता सांगत असते. संगणकाचेही तसेच आहे. भिंतीतून निघालेली वीज पडद्यावर अक्षर उमटेपर्यंत ज्या वाटेने जाते, त्याच वाटेने क्रमाने तपासत जावे. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि यंत्र सुरू झाले, तर दोष कशात होता ते कधीच कळत नाही.

ना दिवा, ना पंखा

बटण दाबल्यावर दिवा लागत नाही, पंख्याचा आवाज नाही, अशा वेळी सुरुवात भिंतीपासून करा. त्याच सॉकेटमध्ये मोबाईलचा चार्जर किंवा टेबललॅम्प लावून पाहा. मधे यूपीएस असेल तर तो बाजूला काढून संगणक थेट भिंतीला जोडा. यूपीएसमधली बॅटरी साधारण दोन-तीन वर्षांत थकते आणि बोल मात्र संगणकाला लागतो.

आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत नेमके हेच झाले. दुरुस्तीवाल्याने उभ्या उभ्या सांगितले, "मदरबोर्ड गेला, चार हजार लागतील." पोरांनी वर्गणीची यादीही करायला घेतली. तेवढ्यात बारावीच्या एका मुलीने संगणक थेट भिंतीला जोडून पाहिला आणि तो सुरू झाला! गेली होती ती यूपीएसची बॅटरी. चार हजार ही रक्कम आपल्या वस्तीत लहान नाही. तेवढ्यात किती वह्या-पुस्तके येतात, त्याचा हिशेब वाचकांनीच करावा.

त्यानंतर वीज आणणारी केबल पाहा. बहुतेक मॉनिटरलाही तशीच केबल असते, तेव्हा अदलाबदल करून बघता येते. यंत्राच्या पाठीमागे लहान स्विच असतो. मांजराच्या, झाडूच्या किंवा लहान मुलाच्या हाताने तो कधी बंद होतो ते कळतही नाही. काही जुन्या यंत्रांना तिथेच 115 आणि 230 असे लिहिलेला लाल स्विच असतो. आपल्याकडची वीज 230 व्होल्टची. म्हणून तो 230 वरच हवा. 115 वर ठेवून वीज दिली तर आतला वीजपुरवठा फुटतो.

भिंत, यूपीएस आणि केबल ठीक निघाली, की येतो एसएमपीएस. 230 व्होल्टच्या विजेचे संगणकाला झेपेल अशा 12, 5 आणि 3.3 व्होल्टमध्ये रूपांतर करणारी ही पेटी. 1995 मध्ये आलेल्या एटीएक्स पद्धतीच्या यंत्रात समोरचे बटण ट्यूबलाइटच्या बटणासारखे वीज जोडत नाही. मागचा स्विच चालू असला की बंद यंत्रातही थोडी वीज मदरबोर्डपर्यंत पोहोचत असते, आणि समोरचे बटण फक्त "आता जागा हो" एवढा निरोप देते. बऱ्याच बोर्डांवर त्यासाठी एक बारीक दिवा असतो. तो लागलेला असूनही यंत्र हलत नसेल, तर बिघाड बटणात किंवा त्याच्या दोन बारीक तारांतही असू शकतो. मग मोठ्या खर्चाची बोली कशाला?

एसएमपीएस तपासायला जाणकार कारागीर तो संगणकातून सुटा करतो, त्याच्या मोठ्या जोडातली हिरवी तार काळीला जोडतो आणि पंखा फिरतो का ते पाहतो. पंखा फिरलाच नाही तर पेटी गेली असे धरायला हरकत नाही. पण फिरला म्हणजे सर्व ठीक असेही नाही. दुसरा चांगला एसएमपीएस लावून पाहणे हीच खात्रीची कसोटी. हे आपल्या डोळ्यांदेखत करायला सांगा. मात्र ती पेटी घरी कोणीही उघडू नये. आत सुमारे 325 व्होल्टचा भार साठतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकतो. जुन्या काचेच्या, डबा पडद्याच्या मॉनिटरलाही हाच नियम लावा.

नाशिकच्या थंडीत आणखी एक प्रकार दिसतो. सकाळी यंत्र सुरू होत नाही, पाच-सात वेळा बटण दाबल्यावर होते आणि दुपारी मात्र बिनतक्रार चालते. आतले कपॅसिटर जुने होऊन सुकले की गारठ्यात त्यांचे बळ आणखी कमी पडते. मदरबोर्डवर नळकांड्यांसारखे उभे दिसतात ते कपॅसिटर. त्यांचे डोके सपाट असायला हवे. ते फुगलेले किंवा तपकिरी पाझरलेले दिसले तर रोग सापडला. साधारण 1999 ते 2007 या काळातल्या अनेक बोर्डांवर सदोष कपॅसिटर बसवले गेले होते.

पंखा फिरतो, पडदा काळा

येथे आधी मॉनिटरची वीज आणि त्याची केबल घट्ट बसवा. मग कान द्या. यंत्रात छोटा स्पीकर असेल तर ते शिट्ट्या मारून दुखणे सांगते. अवॉर्ड कंपनीच्या बायोसमध्ये एक लांब आणि दोन आखूड शिट्ट्या म्हणजे चित्र दाखवणाऱ्या कार्डाचा दोष. थांबून थांबून लांब शिट्ट्या येत राहिल्या तर रॅमचा. दुसऱ्या कंपन्यांची खूणगाठ वेगळी असते, म्हणून बोर्डाचे नाव पाहून अर्थ लावा.

चार महिन्यांच्या दमटपणानंतर रॅमच्या पट्टीवर मळ धरणे ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. उपाय कंपासपेटीत असतो! प्लग काढा, मग समोरचे बटण काही क्षण दाबून धरा म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाईल. कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगावरची स्थिर वीज उतरवा. दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या मोकळ्या करून पट्टी काढा, तिच्या सोनेरी दातांवर स्वच्छ खोडरबर हलके फिरवा, कण झटका आणि खिट्ट्या आपोआप बसेपर्यंत सरळ दाबा. पट्ट्या दोन असतील तर एकेक लावून पाहा.

सुरू होतो, पण थांबतो

पाच-दहा मिनिटांत यंत्र आपोआप बंद पडत असेल तर उष्णतेवर संशय घ्या. प्रोसेसरवरचा पंखा आणि त्याखालच्या जाळीत धुळीची गादी बसलेली असते. प्लग काढून, पंख्याचे पाते बोटाने धरून, मऊ ब्रशने ती काढा.

पडद्यावर इंग्रजी अक्षरे येऊन यंत्र अडले, तर घाबरून न जाता ती ओळ जशीच्या तशी कागदावर उतरवून घ्या. लावलेला पेनड्राइव्ह काढून पुन्हा सुरू करा. काही यंत्रे आधी पेनड्राइव्हमध्येच विंडोज शोधत बसतात. तारीख-वेळ दर वेळी मागे जात असेल तर बोर्डावरचा सीआर 2032 हा नाण्याएवढा 3 व्होल्टचा सेल संपला आहे. तो शंभर रुपयांच्या आत मिळतो. हार्ड डिस्क सापडत नाही असे लिहून आले तर तिच्या केबली काढून पुन्हा बसवा. पण डिस्कमधून टक्‌टक् आवाज येत असेल तर लगेच वीज बंद करा. ती जितकी चालवाल, तितके आतले नष्ट होईल.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. यंत्र बंद पडले म्हणजे त्यातले लेखन गेले, असा समज सर्वत्र आहे. तो चुकीचा आहे. मजकूर असतो हार्ड डिस्कमध्ये. मदरबोर्ड जळाला तरी डिस्क शाबूत असू शकते, आणि साध्या यूएसबी कन्व्हर्टरने ती दुसऱ्या संगणकाला जोडून वाचता येते. एखाद्या घरच्या डिस्कमध्ये जातीच्या दाखल्याच्या आणि गुणपत्रिकांच्या प्रती असतील, मंडळाचे जयंतीचे दहा वर्षांचे हिशेब असतील. 1930 च्या काळाराम मंदिर सत्याग्रहात उतरलेल्या आजोबांच्या आठवणी कोणा नातवाने टंकून ठेवल्या असतील. असा ठेवा भंगारात गेला तर कोणत्या दुकानातून परत आणणार? जुना मराठी मजकूर श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये असेल तर दुसऱ्या यंत्रावर तो अगम्य चिन्हांसारखा दिसेल. तो बिघडलेला नसतो. म्हणून मजकुरासोबत तो फॉन्टही उतरवून घ्या आणि पुढे सवडीने युनिकोडमध्ये बदलून घ्या. यंत्र एकदा सुरू झाले की पहिले काम हेच करा, सिनेमा-गाणी नंतर.

खर्चाचा विचारही रोखठोक असावा. सेल, रॅम, एसएमपीएस इथपर्यंत दुरुस्ती परवडते. पंधरा वर्षांच्या यंत्राला मदरबोर्ड घालणे बहुधा परवडत नाही. बदललेला जुना भाग परत मागून घ्यावा आणि पावती घ्यावी. विंडोज एक्सपीची देखभाल 8 एप्रिल 2014 रोजी, विंडोज 7 ची 14 जानेवारी 2020 रोजी आणि विंडोज 10 ची 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबली. अशा यंत्रावर लिहावे, वाचावे, टंकलेखन शिकावे, बँकेचे व्यवहार मात्र टाळावेत.

आणि खरोखरच निरोप द्यायची वेळ आली, तर हार्ड डिस्क आधी काढून ठेवा. उरलेले यंत्र अधिकृत ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. त्यासाठी 1 एप्रिल 2023 पासून नवे नियम लागू आहेत. तांब्यासाठी तारा जाळल्या तर तो विषारी धूर शेवटी कचरा वेचणाऱ्या आपल्याच माणसांच्या छातीत जातो.

एक सूचना करतो. अभ्यासिकेतल्या संगणकाशेजारी दोऱ्याने एक वही बांधून ठेवा. तारीख, काय झाले, काय तपासले, काय बदलले आणि किती खर्च आला, एवढे पाच रकाने पुरेत. लिहिण्याचे काम आळीपाळीने मुला-मुलींकडे द्या. वर्षभराने त्या वहीतले दुखणे वाचायला बाहेरचा माणूस क्वचितच लागेल.