‘योग्य वेळे’चा हिशेब

‘अवघड प्रश्नाला लगेच हात घालू नये. वेळ जाऊ द्यावी, वातावरण आपोआप निवळतं,’ या सल्ल्याला आपल्याकडे मुत्सद्देगिरी म्हणतात. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराविषयी आजही असंच सांगितलं जातं: राज्यकर्ते थांबले म्हणून मराठवाडा वाचला आणि समाजाची तयारी झाल्यावर १९९४ मध्ये काम पार पडलं.

मराठवाडा खरंच वाचला का? २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला आणि लगोलग गावोगावच्या दलित वस्त्या पेटल्या. याच हिंसाचारात नांदेड जिल्ह्यात पोचीराम कांबळे यांचा खून झाला. सरकारने अंमलबजावणी थांबवली. म्हणजे थांबण्याआधीच घरं जळाली होती. थांबण्यातून जाळणाऱ्यांना एवढंच कळलं, की वस्ती पेटवली की विधिमंडळाचा ठरावही अडतो.

थांबण्याची बाजू घेणाऱ्यांच्या म्हणण्यातला एक भाग मात्र मान्य करायला हवा. आग लागलेली असताना आधी ती विझवावी लागते. त्यासाठी काही आठवडे थांबणं हे शहाणपणच होतं. पण तारीख सांगून थांबणं वेगळं आणि तारीख न सांगता थांबणं वेगळं. पहिल्यात निर्णय जिवंत असतो, दुसऱ्यात त्याची टाळाटाळ होते. अंतुले, बाबासाहेब भोसले, वसंतदादा पाटील, निलंगेकर, शंकरराव चव्हाण, सुधाकरराव नाईक असे मुख्यमंत्री आले नि गेले. त्यांतले निलंगेकर आणि चव्हाण तर मराठवाड्याचेच. विधिमंडळाचा शब्द मात्र साडेपंधरा वर्षे तसाच पडून राहिला.

‘पण त्या काळात समाजाचं मन वळलं ना?’ वळलं असेल, तर ते वेळेने वळवलं नाही. नामांतरासाठी लाँग मार्च निघाला, सत्याग्रह झाले, कार्यकर्ते तुरुंगात गेले. १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी याच मागणीसाठी आत्मदहन केलं. पुढाऱ्यांनी जे काम करायचं, ते सामान्य माणसांनी स्वतःच्या जिवावर केलं आणि त्याचं श्रेय मात्र आपण ‘योग्य वेळे’ला देतो.

शेवटी १४ जानेवारी १९९४ रोजी जो तोडगा निघाला, तो पाहा: ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’. बाबासाहेबांचं नाव आलं, मराठवाड्याचंही राहिलं. निजामाच्या राजवटीतून सुटलेल्या प्रदेशाला आपल्या नावाची ओढ होती आणि औरंगाबादेत १९५० मध्ये महाविद्यालय उघडून शिक्षणाची वाट रुंद करणाऱ्या बाबासाहेबांचा मानही मोठा होता. दोन्ही बाजू १९७८ मध्येही डोळ्यांसमोर होत्या. ठरावाआधी गावागावांत जाऊन लोकांशी बोलणं, अफवांना उत्तर देणं, स्वतःच्याच मतदारांना चार कडू शब्द ऐकवणं, एवढं कोणी मनापासून केलं असतं, तर हा नामविस्तार तेव्हाही सुचू शकला असता.

अवघड प्रश्न टाळल्याने त्याची किंमत कमी होत नाही. ती फक्त दुसऱ्या कोणाच्या तरी घरातून वसूल होते. म्हणून यापुढे एखादा पुढारी ‘योग्य वेळी निर्णय घेऊ’ म्हणाला, मग तो मंत्रालयातला असो की ग्रामपंचायतीतला, तर त्याला दोनच प्रश्न विचारा: तारीख कोणती? आणि तोवर तुम्ही स्वतः काय करणार?