डोळे मराठी, रकाना 'इतर'



गेल्या हिवाळ्यात मी माझ्या मुलीला इथून, उरायासुहून, तोक्योतल्या एका विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागात घेऊन गेलो. वाचताना मुलांची नजर कशी फिरते याचा तिथे अभ्यास चालू होता. हनुवटी टेकवायला आधार, समोर पडदा, आणि डोळ्यावर पडलेल्या अवरक्त प्रकाशाचे प्रतिबिंब सेकंदाला हजार वेळा टिपणारा कॅमेरा. पोरीने जपानी वाचले, इंग्रजी वाचले. फॉर्मवर 'घरची भाषा' या प्रश्नापुढे मराठी नव्हती. मी 'इतर'वर खूण केली.

परतताना गाडीत राग आला. जपान्यांचा नव्हे, ते आपल्या भाषेचे काम करत होते. राग आला तो आपलाच.

वाचताना नजर ओळीवरून सरळ सरकत नाही. ती उड्या मारते, साधारण पाव सेकंद थांबते, पुन्हा उडते. इंग्रजी वाचकाला उजवीकडची चौदा-पंधरा अक्षरे उपयोगी पडतात, डावीकडची तीन-चारच. हिब्रूत हे उलटे होते, असे १९८१ मध्ये दिसून आले. म्हणजे डोळ्यांना वळण लावते ती लिपी. मग आपली लिपी काय वळण लावते?

'चिमणी'तली पहिली वेलांटी डोळ्याला आधी दिसते, पण तोंडातून 'च'नंतर येते. ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता यांनी २००२ मध्ये हिंदीत हा प्रश्न तपासला. पण हिंदीचे निष्कर्ष आपल्याला जसेच्या तसे लागू होणार नाहीत. 'वाऱ्यावर'मधला 'ऱ्या' हिंदी वाचकाला भेटत नाही. 'घरातल्यांनासुद्धा' हा आपला एकच शब्द, हिंदीत त्याचे चार तुकडे होतात. नजर त्यात किती वेळा थांबते? दुसरीतली मुलगी कुठे अडखळते, सातवीतली कुठे सुटते?

२०२२ मध्ये तेरा भाषांतल्या वाचकांच्या नजरेची मोजमापे एकत्र प्रसिद्ध झाली. त्यात एस्टोनियन होती, फिनिश होती. भारतातली एकही भाषा नव्हती. एस्टोनियन बोलणारे सुमारे अकरा लाख. आपण २०११ च्या जनगणनेत आठ कोटी तीस लाख!

कोणी म्हणेल, जिल्हा परिषदेच्या शाळेत धड छप्पर नाही आणि तुम्हाला कॅमेरे सुचतात? छप्पर हवेच. पण त्याच शाळेत वाचताना अडखळणाऱ्या पोराला 'मठ्ठ' म्हणून मागच्या बाकावर बसवतात. त्याला वाचनदोष आहे की शिकवण्यात खोट आहे, हे ठरवायला त्या वयाचे सर्वसाधारण मराठी वाचन कसे असते ते आधी माहीत हवे. २०१५ मध्ये मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राची 'डाली' ही चाचणी हिंदी, कन्नड, इंग्रजीबरोबर मराठीतही आली. म्हणजे मनावर घेतले की होते.

यंत्रे देशात नाहीत असेही नाही. अलाहाबादला आहेत, हैदराबादला आहेत, पवईच्या आयआयटीतही नजरेवर काम झाले आहे. मराठी मुले त्यांच्यासमोर बसवायला कोणीतरी पैसे आणि वर्षे घालायला हवीत.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात दर्जा मिळाला, आपण पेढे वाटले. दोन हजार वर्षांचा पुरावा आपण कोरीव लेखांतून जमवला. आज वाचायला शिकणाऱ्या पोराबद्दल मात्र विचारले, तर आपण शिवाजी महाराजांवर घसरतो.

माझे म्हणणे साधे आहे. मंडळाच्या वर्गणीतला काही भाग बाजूला काढा आणि महाराष्ट्रातल्या एखाद्या मानसशास्त्र विभागाला द्या. नुसते यंत्र मात्र देऊ नका. यंत्राला देणगीदाराची पाटी लागते, फीत कापली जाते, मग खोलीला कुलूप लागते. माणूस द्या. तीन वर्षांची शिष्यवृत्ती, मराठी शाळांत जाऊन मोजण्याचे काम, पालकांच्या लेखी संमतीने, आणि मुलांची नावे वगळून सगळे आकडे सर्वांना खुले करण्याच्या अटीवर.

पुढच्या बैठकीत मी हा ठराव मांडणार आहे. विरोध असेल त्यांनी जरूर यावे. फक्त येण्यापूर्वी आपल्या पोराला एक मराठी परिच्छेद मोठ्याने वाचायला सांगावे, आणि ते कुठे थांबते ते पाहावे.