साबण, दूध आणि आमचा टी वॉर्ड

आमच्या बँकेत जनसंपर्क नावाचे एक खाते होते. त्या खात्यातला माणूस वर्षभर कुणाच्या फारसा नजरेस पडत नसे. डिसेंबर उजाडला की मात्र त्याच्या टेबलाभोवती झुंबड उडे, कारण डायऱ्या आणि कॅलेंडरे त्याच्या कुलुपात असत. कोणत्या साहेबाला चामडी बांधणीची डायरी द्यायची आणि कोणाला साधी, यावर तिथे जो खल चाले तो कर्जवसुलीवरही चालत नसे. ३४ वर्षांच्या नोकरीत जनसंपर्काचा मला लागलेला अर्थ एवढाच, की ज्याच्याकडे आपले काम आहे त्याला खूश ठेवायचे. पुढे या धंद्याचे नाव बदलून 'पब्लिक अफेअर्स' झाले. २०१० साली नीरा राडिया यांच्या दूरध्वनी संभाषणांच्या फिती बाहेर आल्या, तेव्हा घरोघरीच्या वाचकांनाही कळले की नाव इंग्रजी झाले तरी डायऱ्यांचा हिशेब तोच आहे, फक्त डायऱ्या महाग झाल्या आहेत.

म्हणूनच या धंद्यातल्या एका माणसाविषयी मला आज लिहावेसे वाटते. निमित्त आहे ते १५ जानेवारी २०२६ रोजी झालेल्या मुंबई महापालिकेच्या निवडणुकीचे. त्या दिवशी रांगेत उभा असताना मला जर्सन डा कुन्हा यांची आठवण झाली. माझी त्यांची ओळख नव्हती. पण २००१ सालच्या 'अशोका' चित्रपटात सम्राट बिंदुसार झालेले, खर्जातल्या आवाजाचे गृहस्थ म्हटले तर पुष्कळांच्या डोळ्यांसमोर ते उभे राहतील. (याच नावाचे आणखी एक विद्वान एकोणिसाव्या शतकात मुंबईत होऊन गेले. १८७७ साली सह्याद्रिखंडाची संस्कृत संहिता छापून काढणारे डॉक्टर ते. इतिहासप्रेमी वाचकांनी गल्लत करू नये.)

आपले डा कुन्हा मूळ गोव्याकडच्या घराण्यातले, पण जन्माने आणि वृत्तीने मुंबईकर. सुरुवात पत्रकारितेत केली आणि मग जाहिरातीच्या धंद्यात शिरले. लिंटास ही संस्था लिव्हर कंपनीच्या जाहिराती करण्यासाठीच जन्माला आलेली. तिथे ते वरपर्यंत चढले. १९७५ साली धबधब्याखाली नाहणारी लिरिलची मुलगी आली ती याच लिंटासमधून. त्यांचे बंधू सिल्व्हेस्टर यांनी १९६६ पासून अमूलच्या ठिपक्याठिपक्यांच्या फ्रॉकमधल्या मुलीला फलकांवर आणले. म्हणजे एका घरातल्या दोघा भावांनी आपल्याला साबण काय आणि लोणी काय, हसतखेळत घ्यायला लावले. माणसाचे मन कुठे वळते आणि कुठे अडते, याचे या मंडळींना पुरते ज्ञान होते.

हे ज्ञान घेऊन ते युनिसेफमध्ये गेले आणि ब्राझीलला पोचले. तिथली गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. १९८१ पासून ब्राझील सरकारने आईच्या दुधाची मोठी मोहीम उघडली. डबाबंद पावडरीने आणि बाटलीने तिथे घरोघर ठाण मांडले होते. मोहीमवाल्यांनी पहिल्यांदा आयांना विचारले, की बाई, तू अंगावर पाजणे का सोडलेस? 'माझे दूध पातळ आहे, बाळाला पुरत नाही,' असे बायका सांगत. हे दूध पातळ नसते, हेच मग दूरदर्शनवर, रेडिओवर, फोनच्या आणि विजेच्या बिलांवर, लॉटरीच्या तिकिटांवर सांगितले गेले. बँकेच्या खाते-उताऱ्यांवरसुद्धा तोच मजकूर छापला गेला! मोहीम अर्थात एकट्याची नव्हती. डॉक्टर, परिचारिका, सरकारी अधिकारी असे पुष्कळजण तिच्यात होते. पण मन वळवण्याची जी कला डा कुन्हा साबणासाठी वापरत आले होते, ती त्यांनी तिथे अशा कामाला लावली.

आणि ब्राझीलने तेवढ्यावर भागवले नाही. १९८८ साली पावडरीच्या डब्यांच्या जाहिरातीला नियमांचा लगाम घातला. त्याच वर्षीच्या नव्या राज्यघटनेने बाळंतपणाची रजा १२० दिवसांची केली. कारण उघड आहे. आईचे मन वळवले, पण तिला आठव्या आठवड्यात कारखान्यात हजर व्हायचे असेल, तर वळलेल्या मनाचा उपयोग काय? मन वळवणे आणि कायदा बदलणे ही दोन चाके तिथे बरोबर फिरली.

खाते-उताऱ्याचा उल्लेख वाचून मी जरा अवघडलो, हे कबूल करतो. आमच्या उताऱ्यांवर क्रेडिट कार्डाची जाहिरात असे. २००७ साली मी एका शाखेचा व्यवस्थापक होतो आणि वरून विमा योजनांचे उद्दिष्ट आले होते. एका निवृत्त शिक्षकांना मी चहा पाजून, बाजाराशी जोडलेली एक विमा योजना गळ्यात मारली. 'तीन वर्षांनी बघा सर,' असे म्हणालो होतो. पुढच्याच वर्षी बाजार कोसळला. नियामकाने अशा योजनांमधल्या शुल्कांना १ सप्टेंबर २०१० पासून मर्यादा घातली, पण सरांचे पैसे तोवर गेले होते. ते तक्रार करायलाही आले नाहीत. त्यांनी खाते तेवढे दुसरीकडे नेले. तेव्हा मन वळवण्याच्या कलेविषयी मी बाहेरून बोलत नाही.

युनिसेफचे काम संपवून डा कुन्हा मुंबईला परतले. या वयात, एवढ्या ओळखी असताना, सल्लागार म्हणून बसून खायला काहीच हरकत नव्हती. १९९९ साली, सत्तरीला टेकलेले असताना, ते 'अग्नी' या नागरिकांच्या संस्थेच्या उभारणीत पडले. माजी मुख्य सचिव द. म. सुकथनकर यांच्यासारखी मंडळीही या कामात होती. मतदार याद्या तपासणे, उमेदवारांना लोकांसमोर बोलावून प्रश्न विचारणे, वॉर्डावॉर्डांत समन्वयक नेमणे आणि लोकांना महापालिकेच्या दारात न्यायला शिकवणे, असे हे काम. त्यात प्रसिद्धी थोडी आणि चपला झिजवणे फार. ज्याने देशभर साबण विकला तो माणूस आता वॉर्ड ऑफिसच्या बाकावर बसून गटाराविषयी बोलत होता.

हे का करावे लागते, ते समजायला महापालिकेची घडण पाहावी लागेल. १८८८ च्या कायद्याने मुंबईचा कारभार करण्याचा अधिकार आयुक्तांच्या हाती दिला, आणि आयुक्त नेमते राज्य सरकार. आपण निवडतो ते नगरसेवक. म्हणजे रस्ता खचला तर जाब विचारायचा एकाला आणि रस्ता दुरुस्त करायचा दुसऱ्याने. ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली, प्रभाग समित्या आल्या, पण मूळ गाठ सुटली नाही. या फटीत नागरिकांच्या संस्था उगवल्या. घाटकोपरच्या जोशी लेनमधल्या रहिवाशांनी कचरा वेगळा करून दाखवला, त्यातून १९९७ च्या सुमारास महापालिकेने गल्लीगल्लीच्या रहिवासी गटांची 'एएलएम' योजना काढली. आमच्या मुलुंडमध्येही असे गट झाले. आमच्या गटाचा मी पुढे चिटणीस झालो, कारण 'तुम्ही लेखक, पत्रे तुम्हीच लिहा.'

तर पत्रे लिहिली. एक पत्र माझ्या अजून लक्षात आहे. आमच्या कोपऱ्यावर पदपथ अडवून चार-पाच भाजीवाल्या बसत. त्यांतल्या एकीला आमच्या घरात सगळे मावशी म्हणतात. पदपथ मोकळा करावा, ज्येष्ठांना चालता येत नाही, असा मसुदा मी मोठ्या झोकात इंग्रजीत केला. टी वॉर्डाच्या कार्यालयात नेऊन दिला. तिथल्या साहेबांनी खुर्ची दिली. दीड महिन्यात अतिक्रमणवाल्यांची गाडी आली आणि मावशींचा वजनकाटा, टोपल्या, वर बांधलेली ताडपत्री सगळे घेऊन गेली. संध्याकाळी आमची ही म्हणाली, "आता कोथिंबीर कुठून आणायची, तेही साहेबांना पत्रात विचारा." चार दिवस घरात तेवढेच वाक्य पुरले. मावशी महिन्याभराने दोन गल्ल्या सोडून बसू लागल्या. माझ्या पत्राचे त्यांना कधी कळले की नाही, हे विचारण्याचा धीर मला झाला नाही.

माझा मुद्दा इथून सुरू होतो. आमच्यासारख्या लोकांचे मन डा कुन्हांनी, त्यांच्यासारख्या पुष्कळांनी वळवले. तक्रार करत बसू नका, उठा आणि विचारा, हे आम्हांला पटले. पण आम्ही उठलो ते गिऱ्हाईक म्हणून. मी कर भरतो, मला सेवा द्या. गिऱ्हाइकाला दुकानात शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या गिऱ्हाइकाचे सोयरसुतक नसते. फेरीवाल्यांच्या समित्यांवर फेरीवाल्यांचेही प्रतिनिधी हवेत, हे सांगणारा कायदा २०१४ साली आला. आम्ही त्याच्या आधी अनेक वर्षे गट चालवला, पण आमच्या एका बैठकीलाही मावशींना बोलावल्याचे मला आठवत नाही. हा दोष डा कुन्हांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. तरीसुद्धा नागरी चळवळीचे निरोप ज्या भाषेत आणि ज्या दिवाणखान्यांत पोचत होते, तिथून ते डोंगरावर पोचत नव्हते, एवढे म्हटलेच पाहिजे.

मतदानाचीही तीच कथा. २००७ साली जुहूच्या रहिवाशांनी एकमताने उभे केलेले अॅडॉल्फ डिसूझा निवडून आले, तेव्हा वाटले होते की आता वारे फिरणार. २०१२ साली मुंबईत मतदान झाले ४५ टक्क्यांच्या आसपास. उरलेल्या ५५ मध्ये मी होतो, हेही लिहून टाकतो. मतदान गुरुवारी होते. शुक्रवारची रजा टाकली की चार दिवस मिळत होते. आम्ही गुहागरला गेलो. २०१७ मध्ये आकडा ५५ च्या वर गेला, तेव्हा मी रांगेत होतो, पण त्याचे श्रेय माझ्यापेक्षा हिच्या टोमण्यांना अधिक आहे.

मावशी मात्र दर वेळी मतदान करतात. का, असे मी एकदा विचारले. त्या म्हणाल्या, "साहेब, आमच्या डोंगरावर पाणी कोण आणतंय? नगरसेवकच ना? त्याच्या दारात बसायचं तर बोटाला शाई नको?" प्रभाग समिती, ७४ वी दुरुस्ती यांतले त्यांनी काही वाचलेले नाही. पण कारभार कुठून हलतो आणि आपला हात कुठवर पोचतो, याचा त्यांचा अंदाज आमच्या गटापेक्षा पक्का आहे.

डा कुन्हा ७ जानेवारी २०२२ रोजी वयाच्या ९२ व्या वर्षी गेले. त्यानंतर दोनच महिन्यांनी, ७ मार्चला, महापालिकेची मुदत संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. प्रभागरचना, आरक्षण, न्यायालयातली प्रकरणे यांत पुढची निवडणूक जवळजवळ चार वर्षे लांबली. या काळात आमच्या सोसायटीचे फारसे काही अडले नाही. खरे तर मला यानेच अस्वस्थ केले. आमची पत्रे जात होती, उत्तरे येत होती, एखादे काम होतही होते. साहेबांनी खुर्ची देण्याची पद्धतही मोडली नाही. अडले ते डोंगराचे, कारण ज्याच्या दारात बसायचे तो माणूसच नव्हता. नागरिकांच्या संस्थांनी निवडणुका घ्या म्हणून आवाज उठवला, पण २२७ जागांच्या महापालिकेत एकही नगरसेवक नाही याचा जो गलका मध्यमवर्गात व्हायला हवा होता, तो झाला नाही. मला तर कित्येक महिने ती गोष्ट आठवतही नसे.

ब्राझीलमधले दुसरे चाक आपल्याकडे जोडलेच गेले नाही. क्षेत्रसभांचा कायदा महाराष्ट्राने २००९ साली केला. शहरातल्या मतदारांनी गावच्या ग्रामसभेसारखे एकत्र बसून बोलावे, अशी त्यात सोय आहे. सोसायटीवाले आणि डोंगरवाले एका सतरंजीवर आले असते, अशी ती एकच जागा होती. माझ्या पाहण्यात मुलुंडला अशी सभा एकदाही भरली नाही, आणि ती भरवा म्हणून आमच्या गटाने एकही पत्र पाठवले नाही. चिटणीस मीच होतो.

१५ जानेवारीचा दिवस पुन्हा गुरुवारच होता. या वेळी गुहागर नव्हते. महापालिकेच्या शाळेत सकाळी आठला जाऊन उभा राहिलो. रांग लांब होती. पाऊण तासाने पाठीमागून ओळखीचा आवाज आला, "साहेब, ही रांग तुमची नाही. ही आमची, डोंगराची. तुमच्या सोसायट्यांची खोली वरच्या मजल्यावर लावली आहे." मी खिशातली चिठ्ठी काढून पाहिली. मावशींचे बरोबर होते.