मीटरमागचे चिमुकले दिवे

रात्री वेगाचा काटा नीट दिसत नाही, पेट्रोल किती उरले हे पाहायला मान वाकवावी लागते आणि रेडिओची पट्टी तर केव्हाच अंधारात बुडालेली असते. जुनी मारुती ८०० किंवा अ‍ॅम्बेसेडर जिवापाड सांभाळणाऱ्या घरांतली ही नेहमीची तक्रार. दोन्ही गाड्यांचे उत्पादन २०१४ साली थांबले, तेव्हा आतले बल्बही आता वयस्कच म्हणायचे. मग कोणीतरी सुचवते, ''सगळे काढा आणि एलईडी बसवा!'' सल्ला चांगला आहे. त्यातला 'सगळे' हा शब्द मात्र धोक्याचा आहे.

एलईडीने पेट्रोल वाचेल, ही आशा सोडा. ३ वॉटच्या चार-पाच बल्बांचा भार तो केवढा! खरा फायदा वेगळाच. साध्या बल्बच्या उष्णतेने मागचे प्लॅस्टिक पिवळे पडते, आणि बल्ब गेला की पुन्हा सगळा डॅशबोर्ड उसकटावा लागतो. चांगल्या प्रतीचा एलईडी घेतला, तर ही कटकट पुष्कळ वर्षे टळते. अगदी स्वस्तातला घेऊ नका. इंजिन चालू असताना 'बारा व्होल्ट'च्या गाडीत १४ व्होल्टच्या आसपास दाब असतो. तो न सोसणारे दिवे लवकर लुकलुकू लागतात.

दुकानात जाताना जुना बल्ब नमुन्याला न्या. रंग निवडताना भडक निळसर पांढऱ्याचा मोह टाळा. रात्री तो डोळ्यांवर येतो, मग समोरचा काळोखा रस्ता नीट दिसत नाही. शिवाय जुन्या गाडीतले उजेड कमी करण्याचे बटण एलईडीला फारसे जुमानत नाही. पिवळसर पांढरा बरा. लाल काचेमागे मात्र लालच एलईडी लावा, पांढरा तिथे फिका पडतो. एलईडीला उलटसुलट बाजू असते. बसवल्यावर लागला नाही, तर फेकण्याआधी फिरवून पाहा.

आता तो न काढायचा बल्ब. बॅटरीचे चित्र असलेला लाल दिवा केवळ सूचना देतो असे आपण समजतो. कित्येक जुन्या गाड्यांत त्याच्यातूनच अल्टरनेटरला सुरुवातीचा प्रवाह मिळतो आणि मग चार्जिंग सुरू होते. ३ वॉटचा बल्ब सुमारे पाव अँपिअर जाऊ देतो; एलईडी त्याचा दहावा हिस्साही देत नाही. परिणामी इंजिन सुरू होते, गाडी धावते, पण बॅटरी भरतच नाही. हेडलाइट, वायपर, पंखा तिच्यावरच चालतात, आणि ती उतरते ती बहुधा रात्री, घाटात, मुलेबाळे मागे झोपलेली असताना! काही गाड्यांत या कामाला वेगळी वायर असते, पण बाहेरून ते कळत नाही. म्हणून तिथे साधाच नवा बल्ब घाला. डाव्या-उजव्या इंडिकेटरला मिळून एकच हिरवा दिवा असेल, तर तोही राहू द्या. त्यातून प्रवाह दोन्ही दिशांनी जातो, एलईडी एकाच बाजूला लागेल.

रेडिओतला गव्हाच्या दाण्याएवढा बल्ब बहुधा डाख देऊन जोडलेला असतो. त्या जागी सुटा पांढरा एलईडी लावायचा, तर सोबत ६८० ओहमचा, अर्ध्या वॉटचा रेझिस्टन्स हवाच. नाहीतर तो क्षणात जळेल. लांब पाय धन बाजूला. आजोबांच्या व्हॉल्व्हच्या रेडिओला मात्र हा हिशेब लावू नका. तिथला पुरवठा वेगळा, आणि आतला विजेचा दाब जिवावर बेतणारा.

काम सुरू करताना बॅटरीची ऋण वायर काढा. मीटर बाहेर घेताना मागची स्पीडोमीटरची केबल ओढू नका, सोडवून घ्या. सगळे स्क्रू आवळण्यापूर्वी वायर जोडून चावी फिरवा. बॅटरीचा आणि ऑइलचा लाल दिवा लागला पाहिजे, इंजिन सुरू होताच दोन्ही विझले पाहिजेत. बॅटरीचा दिवा लागलाच नाही किंवा विझला नाही, तर गाडी गावाबाहेर काढू नका. आधी वायरमनला दाखवा.