सर्व्हर क्लाउडवर गेला, किल्ली कोणाकडे?

आमच्या शाळेच्या कचेरीशेजारी एक लहानशी खोली आहे. तिथे दिवसरात्र पंखे घरघरतात आणि वर्षांनुवर्षांचे गुण, हजेरी, प्रश्नपत्रिका एका लोखंडी पेटीत साठत असतात. आता ती पेटी काढून सगळे क्लाउडवर न्यावे असे ठरत आहे. आमच्या मंडळातही हाच विषय निघाला आहे. वाचकहो, आमचा याला विरोध नाही. १५ जानेवारी २०२४ रोजी बेलाल वादळाच्या पावसाने पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून मोटारी वाहून नेल्या, हे आपण सर्वांनी पाहिले. तळमजल्यावरच्या पेटीला तिथे कोण वाचवणार?

पण न्यायचे काय आणि कसे, हे शिक्षकांनी व पालकांनीही समजून घ्यावे. हल्ली एकाच पेटीत चार-पाच सर्व्हर राहतात, एका घरात भावाभावांच्या वेगळ्या चुली असाव्यात तसे. त्यांना आभासी सर्व्हर म्हणतात. अशा सर्व्हरची संपूर्ण डिस्क म्हणजे खरे तर एक मोठी फाइल. म्हणूनच तो उचलता येतो. आधी त्या फाइलची प्रत तिकडे जाते, पुढे जेवढे बदलेल तेवढेच मागाहून जाते. तिकडची प्रत चालते की नाही हे पारखून घेतात आणि एका ठरलेल्या रात्री इकडचा बंद करून तिकडचा सुरू करतात.

तिकडचा म्हणजे कुठला? बड्या कंपन्यांची आपल्याला जवळची केंद्रे दक्षिण आफ्रिकेत आहेत. मायक्रोसॉफ्टची २०१९ साली उघडली, अ‍ॅमेझॉनचे केप टाउनचे २०२० साली. मधे समुद्राखालची केबल आहे. तारेतला प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. तरी ३ हजार किलोमीटर जाऊन परत यायला सेकंदाचे ३० हजारांश भाग लागतातच. हे क्षुल्लक वाटते. पण जुना गुणपत्रिकेचा कार्यक्रम एका पानासाठी माहितीसाठ्याला ५०० वेळा विचारत असेल, तर १५ सेकंद झाली! म्हणून कार्यक्रम तिकडे आणि माहिती इकडे अशी वाटणी करू नये. न्यायचे तर दोन्ही एकत्र न्यावे.

पैशाचे गणितही निराळे आहे. पेटी एकदा विकत घेतली की झाले. क्लाउडवर ताशी भाडे. नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुट्टीत शाळा बंद आणि सर्व्हर चालू, तर बिलही चालू. शिवाय माहिती आत न्यायला सहसा काही पडत नाही, बाहेर काढायला मात्र बहुधा पैसे मोजावे लागतात.

हे सारे निभावेल. आमची खरी चिंता वेगळी आहे. आमच्या ओळखीच्या एका मंडळाने आपल्या वृद्धांच्या झाकरीची ध्वनिमुद्रणे क्लाउडवर ठेवली. खाते उघडले एका उत्साही तरुणाने, स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या कार्डावर. तो नोकरीसाठी परदेशी गेला, कार्डाची मुदत संपली, बिल थकले, खाते बंद पडले. त्याला दोष कसा द्यावा? काम त्यानेच केले, इतरांनी टाळ्या वाजवल्या. शोधाशोध करून निम्मी मुद्रणे हाती लागली. बाकीच्यांत ज्या आजींचा आवाज होता, त्या आता नाहीत.

क्लाउड म्हणजे आकाश नव्हे, तीही कुणाची तरी इमारतच. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे असे एक केंद्र जळाले आणि ज्यांची दुसरी प्रत अन्यत्र नव्हती, त्यांतल्या कित्येकांची माहिती कायमची गेली.

तेव्हा आम्ही समितीपुढे तीन मागण्या ठेवल्या आहेत. खाते संस्थेच्या नावाने असावे आणि किल्ली निदान दोघांकडे, त्यांतली एक व्यक्ती शिक्षक. एक प्रत बेटावरच, वरच्या मजल्यावरच्या कपाटात राहावी आणि दर तिमाहीला ती उघडून पाहावी. आणि मुलांची माहिती देशाबाहेर पाठवताना २०१७ च्या डेटा संरक्षण कायद्याप्रमाणे काय करावे लागते, हे आधी विचारून घ्यावे. पहिली मागणी ऐकून एक गृहस्थ म्हणाले, "मास्तर, तुम्हाला संगणकातले काय कळते?" थोडेच कळते. पण हजेरीपट कोणाच्या ताब्यात असावा, हे आम्ही शिक्षक-प्रशिक्षणाच्या पहिल्या वर्षी शिकलो आहोत.

समितीची पुढची बैठक शनिवारी आहे. होकाराच्या कागदावर आम्ही अजून सही केलेली नाही.