नाताळचा पॅनकेक मुलांनाच सजवू द्या

अमेरिकेत २५ डिसेंबरच्या सकाळी कितीतरी घरांत पॅनकेकवर रेनडिअरचा चेहरा सजवतात. केळ्याच्या चकत्यांचे डोळे, स्ट्रॉबेरीचं लाल नाक, कुरकुरीत बेकनची शिंगं! पण फोटो छान यावा म्हणून मोठ्यांनीच सगळं करायचं नि मुलांनी नुसतं बघायचं, हे काही मला पटत नाही. पीठ-दूध मोजताना अर्धा, पाव कप हाताला कळतो. वर बुडबुडे आले की उलटायचं, हे निरीक्षण. तव्यापाशी मोठ्यांनी थांबावं, सजावट मात्र मुलांवर सोडावी. नाक वाकडं बसलं तर बसू द्या ना! रॉबर्ट मे यांच्या १९३९ च्या गोष्टीत रुडॉल्फलाही नाकावरून सगळे चिडवायचे. शेवटी तेच लाल नाक सांताला वाट दाखवायला कामी आलं. मग पोरांच्या वाकड्या रेनडिअरला नावं कशाला ठेवायची?